नऊ दिवसांची रताळी

दसरा होऊन दोन दिवस झाले होते. सांगलीतल्या आमच्या रुग्णालयात मुलांच्या वॉर्डाचा सकाळचा राउंड चालू होता आणि माझं तोवर दोघांवर ओरडून झालं होतं. एका बापावर, कारण जुलाब होणाऱ्या बाळाचं त्याने पाणीच बंद केलं होतं. आणि एका शिकाऊ डॉक्टरवर, कारण त्याने ते विचारलंच नव्हतं. तेवढ्यात एक बाई दारातून आत आली. तिच्या खांद्यावर नऊ वर्षांची पोर होती. पोरीचे पाय बाईच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. मागून पोरीची आजी, म्हणजे त्या बाईची सासू. तिच्या हातात औषधाची बाटली होती आणि बाटलीत एक लांबलचक पांढरा जंत.

“गावच्या डाक्टरनं दावाय सांगितलाय,” असं म्हणून आजीने बाटली माझ्या टेबलावर ठेवली.

कवठे महांकाळच्या पलीकडच्या एका वस्तीवरून ही तिघं वडापच्या, माणशी भाडं घेणाऱ्या जीपने आली होती. दसऱ्याच्या संध्याकाळी पोरीच्या पोटात कळा सुरू झाल्या. गावच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, उलटीतून हा जंत पडला आणि घरच्यांना हायसं वाटलं. पण कळा थांबल्या नाहीत. उलट्या हिरव्या झाल्या, पोट फुगलं आणि त्या दिवशी पहाटे जुलाबातून काळपट रक्त पडलं.

त्या काळी जंतांचा गोळा अडकलेली मुलं आमच्याकडे नेहमी यायची. जंत एकमेकांत सुतळीसारखे गुंततात आणि आतड्याची वाट अडते. नाकातून पोटात नळी टाकायची, तोंडाने काही द्यायचं नाही, सलाईन लावायचं आणि वाट बघायची. बहुतेकदा गोळा आपला आपण सुटतो. मी तेच निदान कागदावर लिहिलं. पुरावा तर समोर बाटलीत होता. रक्ताचं जरा खटकलं, पण म्हटलं, आवही असेल सोबत. माझं निदान सहसा चुकत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. खरं सांगायचं तर आजही वाटतं, आणि ते फारसं खोटं नाही. पण त्या दिवशी ते चुकलं होतं, आणि त्याला माझी जीभ कारणीभूत होती.

झालं असं. शिकाऊ डॉक्टरवर नुकतीच ओरडले होते, म्हणून मी स्वतःच विचारलं, “काय खाल्लं होतं हिनं?”

“काय न्हाई बाई,” आई म्हणाली, “नवरात्राचा उपास हुता. नऊ दिस.”

“कुणाचा?”

“हिचाच. माझ्यासंगट धरलावता.”

माझं डोकंच फिरलं. नऊ वर्षांची पोर, अंगावर मूठभर मांस नाही, आणि नऊ दिवस उपास! मी त्या बाईला वॉर्डभर ऐकू जाईल असं झापलं. तुम्हाला अक्कल आहे का, देवीला काय लेकराची हाडं पाहिजेत का, वगैरे. बाई खाली बघत राहिली. सासूने पदर ओढून घेतला. मग मी पुढचे चार प्रश्न विचारले आणि चारही प्रश्नांना एकच उत्तर आलं, “काय न्हाई.”

उपासावर मी एवढी का चिडते, ते सांगायला हवं. मी मूळची उंब्रजकडची. धर्मांतराच्या वेळी आमच्या आजोबांनी घरातले देव नदीत सोडले आणि देवांबरोबर उपासही सोडले. आमच्या घरात रविवारी मटण असायचं, ऐपत असली तर. नसली तर सुकट. पण कुणी मुद्दाम उपाशी राहिलं तर आजी म्हणायची, “आमी उपाशी ऱ्हायलो त्येवढं बास झालं की.” त्यामुळे उपास म्हटलं की माझ्या डोक्यात रिकामं पोट येतं आणि राग येतो. उपासाच्या दिवशी लोक काय काय खातात, हे मला वसतिगृहात राहून माहीत झालं होतं; पण ते माहीत असणं वेगळं आणि ऐन वेळी सुचणं वेगळं.

दुपारी बारापर्यंत पोरीचं काही बरं दिसेना. नळीतून येणारं पाणी काळसर होऊ लागलं. नाडी पळत होती. पोटाला हात लावला की ती ओरडायची नाही, नुसते ओठ आवळायची, आणि मुलांच्या बाबतीत मला ओरडण्यापेक्षा या गप्प बसण्याची जास्त भीती वाटते. मी सर्जनना बोलावलं.

आमचे सर्जन पन्नाशीचे, गावभागातले, सांगलीतच वाढलेले. बोलणं इतकं सावकाश की त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत माझे दोन रुग्ण तपासून व्हायचे. आमचं रोज भांडण व्हायचं आणि रोज चहाही एकत्र व्हायचा. त्यांनी नुकताच धुतलेला, ओला एक्स-रे खिडकीशी धरला. आतडी फुगलेली दिसत होती, पण जंतांचा गोळा म्हणावा असं काही दिसत नव्हतं. मग ते पोरीच्या आईजवळ गेले आणि स्टूल ओढून बसले. मला हे बसणं कधी जमलं नाही.

“उपास होता म्हणता, मग फराळाला काय करायचात हिला?”

मी मनात म्हटलं, झालं, आता पाककृती विचारा.

आईने मान वर केली. “रताळी. उकडून.”

“आणखी?”

“शेंगदानं. साबुदाना एकदा. तिला रताळीच ग्वाड लागत्यात. नऊ दिस, दोनी टायमाला रताळी.”

“बरं. आणि उपास कशावर सोडला?”

आईने त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा स्वच्छ शर्ट, त्यांचं ते शुद्ध बोलणं. मग ती म्हणाली, “पुरनपोळीवर.”

सरांनी मान डोलावली. त्यांच्या घरी पुरणपोळीच असणार. पण मला हसूच आलं. मी त्या मुलखात गावोगाव शिबिरं केली होती. नवमीला तिथल्या वस्त्यांवर काय शिजतं, याचा वास मैलभर आधी येतो. सरांसारख्या माणसाला ‘मटण’ म्हणून कसं सांगायचं, म्हणून बाईने त्यांच्या तोंडाला शोभेल ते उत्तर दिलं होतं.

मी पोरीच्या खाटेवरच बसले. सकाळचा आवाज बाजूला ठेवला आणि माझी घरची बोली काढली.

“आक्का, सकाळी मी लय बोलले, चुकलंच माझं. सायबास्नी पुरनपोळी सांगितली त्ये ऱ्हाऊ दे. मला सांगा, नवमीचं बकरं कुनाच्या घरात हुतं?”

तिने आधी सासूकडे बघितलं, मग माझ्याकडे. “आमच्याच.”

“आन् हिनं किती खाल्लं?”

“लय खाल्लं वो बाई. नऊ दिसाची भुकी. नवमीला खाल्लं, दसऱ्याला सकाळच्याला उरल्यालंबी खाल्लं. मोठं पातेलं हुतं, चुलीवरच ठिवलंवतं.”

“एरवी मटान कवा असतं घरात?”

“जत्रंला आन् नवमीला.”

“दूध?”

“दूध डेरीला जातंय. हीच घालून येती रोज सकाळी.”

मी उठून उभी राहिले. बालरोगाच्या परीक्षेला बसताना मी एका जाड पुस्तकातला एक परिच्छेद वाचला होता, बारीक टायपातला. कुठल्या तरी दूरच्या बेटावर वर्षभर रताळ्यांवर जगणारी मुलं सणाला पोटभर मांस खातात आणि त्यातली काही दोन दिवसांत आतडं सडून दगावतात, असं त्यात होतं. तिथे ते मांस डुकराचं असतं. परीक्षेत हे कोण विचारणार, आणि सांगलीत असली मेजवानी कोण देणार, म्हणून मी पान उलटलं होतं. पण परिच्छेद डोक्यात राहिला होता. माझ्या डोक्यात गेलेलं सहसा बाहेर पडत नाही, हा माझा एक गुण मी नम्रपणे कबूल करते.

सरांना मी बाजूला नेऊन सांगितलं. या रोगाचा जिवाणू मांसातून येतो. मांस शिजलं तरी त्याची बीजं मरत नाहीत, आणि मोठ्या पातेल्यात हळूहळू निवणाऱ्या रश्शात ती वाढतात. पोटात गेल्यावर तो एक विष सोडतो. एरवी आपला पाचक रस ते विष मोडून टाकतो आणि माणसाला फार तर दोन जुलाब होतात. पण वर्षभर भाकरी आणि चटणीवर वाढलेल्या पोरीच्या पोटात तो रस मुळातच कमी. त्यात रताळ्यांत त्या रसाला अडवणारं काहीतरी असतं, ते उकडूनही पुरतं जात नाही. पोटातले जंतही तोच उद्योग करतात. म्हणजे बाटलीतला तो जंत अगदीच निर्दोष नव्हता, पण मुख्य आरोपीही नव्हता. घरातल्या बाकीच्यांनी त्याच पातेल्यातलं खाल्लं आणि ते ठणठणीत होते, याचाही उलगडा होत होता. आईनेही उपास केला होता, पण तिच्या फराळात साबुदाणा होता, भगर होती, आणि उपास सुटल्यावर तिच्या वाट्याला आला तो नुसता नवमीचा ताजा रस्सा.

सर ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, “म्हणजे तुम्हाला मटण माहीत होतं आणि मला रताळं.”

“दोघांना मिळून एक डॉक्टर म्हणायला हरकत नाही,” मी म्हटलं.

पेनिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल शिरेतून लगेच सुरू केलं. ऑपरेशनबद्दल मात्र आमचं वाजलं. सरांचं म्हणणं, औषधांना उद्यापर्यंत वेळ देऊ. एका न पाहिलेल्या आजारासाठी एवढ्याशा पोरीचं पोट फाडायचं म्हणजे धाडस आहे. मी म्हटलं, आतडं जिथे काळं पडलंय तिथे औषध पोचणार कसं, रक्तच पोचत नाही. त्यांनी परत पोटावर हात ठेवला. डाव्या बाजूला बरगड्यांखाली पोट फळीसारखं झालं होतं. सर हात धुवायला गेले. हा त्यांचा होकार असायचा.

आईला मी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन केलं नाही तर पोर जाईल, केलं तर वाचण्याची चांगली आशा आहे. मी खोटा धीर देत नाही आणि खरा धीर राखून ठेवत नाही. तिने अंगठा न उठवता सही केली, सातवीपर्यंत शिकलेली होती. सासू म्हणाली, “देवीच्या मनात आसंल तसं हुईल.” सकाळची मी असते तर त्यावरही काही बोलले असते.

दुपारी तीनला सरांनी पोट उघडलं. मी मास्क लावून त्यांच्या खांद्यामागे उभी होते. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागावर काळे-हिरवे पट्टे होते. मध्ये गुलाबी निरोगी आतडं आणि परत पट्टा. काळ्या भागाच्या भिंतीत हवेचे बारीक बुडबुडे होते आणि वास असा की भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तोंड फिरवलं. एका ठिकाणी भिंत इतकी पातळ झाली होती की आतला जंत बाहेरून हलताना दिसत होता. अजून काही तास गेले असते तर ते फुटलंच असतं. सरांनी दोन वीत आतडं काढलं आणि उरलेली दोन टोकं जोडली. एरवी सावकाश बोलणारा हा माणूस हात असे चालवायचा की बघत राहावं.

काढलेल्या आतड्याचा एक तुकडा मी स्वतः प्रयोगशाळेत नेला. काचपट्टीवर रंग देऊन बघितलं तर सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे, जाडसर, बोथट टोकांचे जिवाणू खच्चून भरलेले होते. दुसरा तुकडा मांसाचे कण घातलेल्या बाटलीत टाकला. हवेशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंना प्रयोगशाळेतही मटणच लागतं. दुसऱ्या दिवशी त्या बाटलीत बुडबुडे आले आणि वास तोच, ऑपरेशनच्या वेळचा. त्याची नेमकी जात ठरवायचं सामान आमच्याकडे नव्हतं, त्यामुळे कुणी फारच खोलात शिरलं असतं तर माझा पुरावा पुरा आहे असं मी म्हणू शकले नसते. पण जेवण, आतडं, काचपट्टी आणि बाटली, चौघंही एकच सांगत होती. मला स्वतःला शंका नव्हती.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी पोटाला कान लावला तर गुडगुड ऐकू आली. मी इतकी खूश झाले की खाटेभोवती शिकाऊ डॉक्टर गोळा केले आणि त्यांना सगळा आजार समजावून सांगितला. आईला आणि आजीलाही कळावं म्हणून सोप्या मराठीत सांगितला. रताळी, उपास, मटण, विष, आतडं. “एवढं सगळं त्या मटणानं केलं,” असं मी म्हटल्याचं मला चांगलं आठवतं, कारण पुढचे तीन दिवस मी त्याच वाक्याची फळं भोगली. पोर डोळे मिटून पडली होती. मला वाटलं, झोपली आहे.

पाचव्या दिवशी नळी काढली आणि पेज द्यायला सांगितलं. पोरीने तोंड उघडलं नाही. सहाव्या दिवशी पेज, ताक, शहाळ्याचं पाणी, सगळं झालं. तिने ओठ घट्ट मिटून मान भिंतीकडे वळवली. ना उलटी, ना दुखणं, ना ताप. नुसतं नाही. सरांनी पोट दोनदा तपासलं, टाके उत्तम होते.

आता हे साधं लाडाचं प्रकरण नव्हतं. शिरेतून पुरेसं अन्न द्यायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. सलाईनमध्ये साखर आणि मीठ, बाकी काय असतं? पोरीच्या अंगात आधीच काही उरलं नव्हतं. जोडलेलं आतडं भरून यायला अंगात अन्न जावं लागतं. नाही गेलं तर जोड सुटतो, आणि सुटला तर दुसऱ्यांदा उघडायला ती पोर उरली नसती. नाकातून परत नळी घालून पेज ओतायचा प्रयत्न केला तर तिने ती ओढून काढली. मी ओरडले. मग गोड बोलले. मग परत ओरडले. सातव्या दिवशी सकाळी तिचे डोळे खोल गेलेले बघून मला पहिल्यांदाच भीती वाटली. रोग ओळखला, औषध बरोबर दिलं, आतडं जोडलं आणि तरी ही पोर माझ्या हातातून जाणार, असं वाटायला लागलं.

त्या दुपारी आई अंघोळीला गेली होती आणि आजी बाहेर झाडाखाली बसली होती. मी पोरीजवळ बसले. काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखं सगळं बोलून संपलं होतं. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, “बाई, तुमच्यात देवी हाय का वो?”

“न्हाई. आमच्यात देवी न्हाई.”

“घट बसत न्हाईत?”

“न्हाई.”

तिने दाराकडे बघितलं. “मग तुमाला सांगाय चालतंय. तिकडं जायाचं न्हाई.”

तिकडं म्हणजे देवीकडे. मी मान हलवली. मग तिने सांगितलं. नवमीला मटण शिजत होतं. नैवेद्य अजून निघाला नव्हता. आई पाणी आणायला गेली, आजी देवळात. नऊ दिवस रताळी खाल्लेली पोर एकटी पातेल्यापाशी. तिने झाकण काढलं आणि काळजाचा एक तुकडा काढून खाल्ला. देवीच्या आधी.

“आन् तुमीच म्हनला न्हवं, मटनानंच केलं,” ती म्हणाली. “मी आता काय खाल्लं तर ती परत करंल.”

मी सांगून टाकलं, तसं काही नसतं, देवी असं करत नाही. त्यावर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच लहान झाले. “तुमाला काय म्हाईत? तुमच्यात न्हाईच की.”

एवढं शिक्षण, एवढे वाद जिंकलेले, आणि नऊ वर्षांच्या पोरीने मला एका वाक्यात गार केलं. मी सरळ सरांकडे गेले. पोरीचं गुपित फोडणं बरोबर नव्हतं, पण तिचा जीव त्यापेक्षा मोठा होता. सरांच्या घरी देवी आहे, नवरात्र आहे, नंदादीप आहे. ते लगेच आले, स्टूल ओढून बसले आणि तिला म्हणाले, देवी म्हणजे आई असते, आई लेकराला एका घासासाठी शिक्षा करत नाही. फार छान बोलले. मला स्वतःला पटलं असतं.

पोरीने विचारलं, “तुमच्या देवीला मटान लागतंय का?”

“नाही बाळ, आमच्याकडे पुरणाचा नैवेद्य असतो.”

“मग तुमची येगळी,” पोर म्हणाली आणि तिने मान फिरवली.

आम्ही दोघं बाहेर व्हरांड्यात येऊन उभे राहिलो. दोघांना मिळून एक डॉक्टर झाला होता, पण दोघांना मिळून त्या पोरीची देवी काही होत नव्हती. आईला सांगण्याशिवाय मार्ग नव्हता. मी तिला कोपऱ्यात नेऊन सांगितलं. तिला धक्का बसेल, ती पोरीवर चिडेल, कपाळाला हात लावून घेईल, असं मला वाटलं होतं. पण तिने ओले केस तसेच बांधले आणि खाटेकडे गेली.

सासू तोवर आत येऊन खाटेच्या पायथ्याशी बसली होती. मला वाटलं, पोरीची आई सासू बाहेर जायची वाट बघेल. ती थांबली नाही.

“आगं,” ती पोरीला म्हणाली, “काळीज खाल्लंस व्हय देवीच्या आदी?”

पोरीने माझ्याकडे असं बघितलं की मी नजर खाली घातली.

“मीबी खाल्लं,” आई म्हणाली. “दरवर्सी खाती. मीठ बघाय नगं? खारट झालं तर देवीला तसंच म्होरं ठिवायचं व्हय? तुझ्या जल्माच्या आदीपासनं चाखती. मला कुटं काय झालंय?”

त्या घरात सुनेने नैवेद्याआधी पातेल्यातलं तोंडात घालणं म्हणजे काय, हे मला सरांइतकं कळत नसलं तरी पुरेसं कळत होतं. बाईने सासूकडे बघितलं नाही. पोरगी मात्र थेट आजीकडेच बघत होती. आमच्यापैकी कुणाचं तिला चाललं नव्हतं. आता आजी काय म्हणते यावर सगळं होतं.

म्हातारीने पदराचं टोक पिळून कमरेला खोचलं. मग सुनेकडे न बघता नातीला म्हणाली, “आता चाखल्याबिगर मीठ कसं कळनार? माज्या सासूनंच मला तसं शिकीवलं. म्या कुनाला सांगितलं न्हवतं.”

सुनेने चमकून सासूकडे बघितलं. मला वाटतं, त्या दोघींनी त्या घरात इतकी वर्षं एकमेकींपासून लपून एकाच पातेल्यातलं चाखलं होतं.

“समद्यांनीच?” पोरीने विचारलं.

“समद्यांनीच,” आजी म्हणाली आणि तिने पेजेची वाटी उचलली. चमचा पोरीच्या ओठांशी नेला. पोरीने आधी आईकडे बघितलं, मग आजीकडे, आणि तोंड उघडलं. तिचा गळा हलला. मी आणि सर दोन्ही बाजूंना पुतळ्यासारखे उभे होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही.

पोरीने दुसऱ्या चमच्याला हाताने थांबवलं.

“आये,” ती तोंड वाकडं करून म्हणाली, “ह्यात मीठच न्हाई.”

आणलेली पेज रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातली, अळणीच होती. शिपायाला हाक मारायचंही मला सुचलं नाही. मीठ आणायला मी स्वतःच पळाले.